दादोबा पांडुरंग तर्खडकर

पालघर-बोईसरकडून आगगाडीनें मुंबईस जातांना वैतरणा ओलांडली म्हणजे पुढें वसई लागते. त्या तालुक्यांत तर्खड गांव आहे. त्यावरून तर्खडकर म्हणविणाऱ्या घराण्यांत दादोबा इ. स. १८१४ त मुंबईस जन्मले.

शाळा शिकलेल्यांस हें नांव व्याकरणामुळें ठाऊक आहे. दादोबांनीं संस्कृत व इंग्रजी दोन्ही व्याकरणांची रीत पाहून घरींदारीं बोलल्या जाणाऱ्या मराठीस नियम लावून दिले, आणि तें पुस्तक १८३६ त छापिलें.

धर्माविषयींही त्यांस असेंच वाटे कीं जुनें पारखून घ्यावें. सुरतेस इंग्रजी शाळेवर असतां त्यांनीं १८४४ त दुर्गाराम मेहताजी वगैरे मित्रांसह मानवधर्मसभा स्थापिली. ईश्वर एक व सर्व मनुष्यांची जात एक, हें तिचें मत. ही सभा उघड भरे, व मांत्रिकांस चारचौघांत आव्हान देई.

मुंबईस १८४९ त निघालेली परमहंससभा मात्र गुप्त होती. सभासद होणारानें जातिभेद सोडावयाचा, व त्याची खूण म्हणून ख्रिस्ती मनुष्यानें भाजलेला पाव खावयाचा. दार लावून पाव खाणें सोपें. पण जातीनें वाळींत टाकलें तर मुलींचीं लग्नें अडतात, प्रेतास खांदा मिळत नाहीं. आपल्या वाचकांस हें समजावून सांगणें नको. त्या सभासदांपैकीं बाबा पदमनजी यांनीं १८५४ त बेळगांवीं उघडपणें बाप्तिस्मा घेतला. इतर बहुतेक झांकलेलेच राहिले. पुढें १८६० त सभेच्या नांवांची यादी चोरीस गेली, बोभाटा झाला, आणि सभा मोडली. आमच्या मतें तिचा घात चोरानें केला नाहीं. तो त्या लपवालपवीनें आधींच झाला होता.

दादोबांच्या धाकट्या बंधूंनीं, डॉ. आत्माराम पांडुरंगांनीं, १८६७ त प्रार्थनासमाज काढिला तो उघड. दादोबांचा ‘धर्मविवेचन’ ग्रंथ १८६८ त निघाला, पण त्यावर त्यांनीं आपलें नांव घातलें नाहीं.

तथापि त्यांनीं जुन्याचा तिरस्कार केला, असें कोणीं समजूं नये. मोरोपंतांच्या केकावलीवर त्यांनीं मोठ्या प्रेमानें टीका लिहिली व आईबापांच्या नांवांवरून तिला ‘यशोदापांडुरंगी’ म्हटलें. उतारवयांत स्वीडनदेशीय ख्रिस्ती तत्त्वज्ञ स्वीडनबोर्ग याच्या ग्रंथांवरही त्यांनीं इंग्रजींत पुस्तक लिहिलें.

ते १८८२ त वारले. त्यांचें आत्मचरित्र प्रा. अ. का. प्रियोळकर यांनीं १९४७ त प्रसिद्ध केलें. तें १८४६ च्या सुमारास थांबतें. परमहंससभेपर्यंत पोहोंचतच नाहीं.