लिनियसचे मोती

बारावीच्या बायोलॉजीत कार्ल लिनियस भेटला तो फक्त नावांपुरता. आंबा म्हणजे मँजिफेरा इंडिका, माणूस म्हणजे होमो सेपियन्स. पाठ करा आणि पेपरात ओका! इंजिनियरिंगला आल्यावर वाटलं, सुटलो. पण मटेरियल सायन्सच्या सेमिनारसाठी शिंपल्याच्या कवचाबद्दल वाचताना हा माणूस पुन्हा आडवा आला.

जन्म १७०७, स्वीडनमधलं राशुल्ट हे खेडं, वडील पाद्री. पंचविसाव्या वर्षी, १७३२ मध्ये, तो लॅपलँडच्या थंडीत भटकायला गेला. तिथे नदीतले शिंपले फोडून मोती शोधणारे लोक त्याने पाहिले. एका मोत्यासाठी ढीगभर शिंपले जिवानिशी जायचे.

आपल्याकडे म्हणतात, स्वातीचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो. खरा मामला केमिस्ट्रीचा आहे. कवचाच्या आतून मँटल नावाचा मऊ पडदा असतो. पाण्यातलं कॅल्शियम घेऊन तो कॅल्शियम कार्बोनेट तयार करतो. म्हणजे खडूचंच द्रव्य! पण इथे ॲरागोनाइटच्या चपट्या वड्या विटांसारख्या रचल्या जातात, मध्ये सिमेंटसारखं प्रोटीन. एका वडीची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी. म्हणून खडू बोटांनी मोडतो, शिंपला मोडत नाही. मँटलच्या पेशींनी एखाद्या कणाला वेढलं की त्याच्यावरही हेच थर चढतात, तोच मोती.

लिनियसच्या काळी यातलं काही माहीत नव्हतं. तरी त्याने काय केलं बघा. जिवंत शिंपल्याच्या कवचाला बारीक भोक पाडलं, चांदीच्या तारेच्या टोकाला चुनखडीची गोळी बसवून आत सारली आणि शिंपला परत नदीत सोडला. गोळी कवचाला टेकू द्यायची नाही, ही खरी मेख. टेकली तर मोती कवचालाच चिकटून बसतो. मग पाच-सहा वर्षं थांबायचं! (आपल्याला प्रॅक्टिकलचं रीडिंग पाच मिनिटांत हवं असतं, नाही आलं तर आहेच शेजारच्याची जर्नल.) मोती गोल निघाले.

१७६१ मध्ये त्याने ही पद्धत सरकारपुढे मांडली. १७६२ मध्ये पीटर बागे नावाच्या व्यापाऱ्याने ६००० डालरला (तेव्हाचं स्वीडिश नाणं, आपला डॉलर नव्हे) गुपित विकत घेतलं, राजाचा परवानाही मिळवला, आणि केलं काहीच नाही. मला इथे खरंच राग येतो. लिनियस १७७८ मध्ये गेला. गोल मोत्यांची शेती जपानने उभी केली, तीही विसाव्या शतकात. लिनियसचे काही मोती मात्र लंडनच्या लिनियन सोसायटीत अजून जपून ठेवलेले आहेत.