उद्योगमहर्षी लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. पुस्तकी अभ्यासात त्यांचे मन रमत नसे. चित्रे काढणे आणि यंत्रे न्याहाळणे हेच त्यांचे छंद. थोरले बंधू रामूअण्णा यांच्या पाठिंब्यावर ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांना कळत नाही, हे तेथे लक्षात आले आणि चित्रकार होण्याचे स्वप्न मावळले. तेव्हा ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत ते शिक्षक झाले. तेथे हक्काची बढती डावलली गेल्यावर त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला.

बेळगावात दोघा भावांनी सायकलींचे दुकान चालवले. सायकल ही त्या काळी नवलाची वस्तू होती. म्हणून ती केवळ विकून न थांबता ती चालवायलाही ते गिऱ्हाइकाला शिकवीत. विकलेली वस्तू गिऱ्हाइकाच्या उपयोगी पडेपर्यंत विक्रेत्याची जबाबदारी संपत नाही, ही जाण त्या लहानशा दुकानातच रुजली.

परंतु दुसऱ्यांनी तयार केलेला माल विकण्यात लक्ष्मणरावांचे समाधान होईना. आपल्या शेतकऱ्याला काय हवे, याचा विचार करून त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि नंतर लोखंडी नांगर हाती घेतला. या बाजारात त्यांच्यासमोर दोन बलाढ्य प्रतिस्पर्धी होते. एकीकडे विलायती कंपन्यांचे नांगर होते, तर दुसरीकडे गावच्या सुताराने घडवलेला, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला लाकडी नांगर. त्यातच लोखंडामुळे जमीन विषारी होते, असा समज शेतकऱ्यांत रूढ होता. त्यामुळे नांगर तयार होऊनही विकले जाईनात. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली.

पुढे नांगर शेतात चालू लागले, तेव्हा फाळाचे लोखंड पुरेसे कणखर नसल्याचे दिसून आले. लक्ष्मणरावांनी दोष शेतकऱ्याच्या माथी मारला नाही. तक्रार हीच शिकवण मानून त्यांनी ओतकामात सुधारणा केली आणि अधिक टिकाऊ फाळ तयार केले. विलायती मालाचा निर्माता सातासमुद्रांपलीकडे होता. किर्लोस्करांचा कारखाना मात्र शेतकऱ्याला गाठता येण्याजोगा होता. मोठ्या भांडवलापुढे लहान उद्योगाला ही जवळीकच बळ देऊन गेली.

व्यवसायाला आकार येत असतानाच नगरपालिकेच्या आदेशामुळे बेळगावातील जागा सोडण्याची वेळ आली. यंत्रे कोठे हलवावीत आणि कामगारांचे काय करावे, असा बिकट प्रश्न उभा राहिला. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची जागा देऊ केली. निवडुंग माजलेले ते ओसाड माळरान होते. १९१० साली तेथे लक्ष्मणरावांनी कारखाना उभारला आणि सोबत आलेल्या कामगारांची वसाहतही वसवली. हीच आजची सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी.

नांगरामागोमाग उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पाण्याचे पंप येथे तयार होऊ लागले. प्रत्येक वस्तूमागे शेतकऱ्याची एखादी अडचण होती. १९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक सुरू केले आणि कारखाना व समाज यांच्यातील नाते अधिक दृढ झाले. पुढच्या पिढीने या उद्योगाचा विस्तार हरिहर, पुणे आणि बंगळूर येथे केला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आज शिवणकामाचे दुकान, पिठाची गिरणी किंवा दुरुस्तीचे छोटे केंद्र चालवणाऱ्यालाही स्पर्धेला तोंड द्यावे लागते. केवळ भाव उतरवून किंवा मोठी पाटी लावून वेगळेपण मिळत नाही. गिऱ्हाइकाची गरज ओळखणे, मालातील उणीव मान्य करून ती दूर करणे आणि विक्रीनंतरही त्याला साथ देणे, यांतूनच पत निर्माण होते. दोन वर्षे न विकल्या गेलेल्या नांगराची कहाणी आपल्याला हेच सांगते.