करुणाष्टकांचे समर्थ : जांबचे श्रीरामदासस्वामी

भाविकहो, बदनापूरला दर्शनास येणाऱ्या अनेकांना हे ठाऊक नसते की श्रीसमर्थ रामदासस्वामींची जन्मभूमी याच जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातील जांब येथे आहे. शके १५३० (इ.स. १६०८) च्या रामनवमीस सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई या दांपत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला. पाळण्यातील नाव नारायण. घरात सूर्योपासना व रामोपासना परंपरेने चालत आलेली होती. ज्येष्ठ बंधू गंगाधरपंत पुढे 'श्रेष्ठ' या नावाने ओळखले गेले.

नारायण जेमतेम सात वर्षांचा असताना पितृछत्र हरपले. बाराव्या वर्षी आईच्या आग्रहाखातर तो बोहल्यावर उभा राहिला खरा. परंतु मंगलाष्टकांतील सावधानतेचा इशारा कानी पडताच मंडपातून निघून गेला. ही कथा आपण कौतुकाने सांगतो. त्या रात्री राणूबाईंवर काय प्रसंग ओढवला असेल, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

नाशिकजवळ टाकळी येथे, गोदावरी व नंदिनीच्या संगमावर, हा मुलगा बारा वर्षे राहिला. पहाटेपासून माध्यान्हापर्यंत कमरेइतक्या पाण्यात उभे राहून त्रयोदशाक्षरी राममंत्राचा जप करावयाचा, नंतर माधुकरी मागून रामास नैवेद्य दाखवावयाचा व उरलेला वेळ अध्ययनात घालवावयाचा, असा त्यांचा क्रम होता. समर्थ म्हटले की बलोपासना, मारुतीची मंदिरे आणि रोखठोक उपदेश आपल्या डोळ्यांपुढे येतो. पण त्यांची करुणाष्टके वाचावीत. मन आवरत नाही, हातून भक्ती घडत नाही, आयुष्य वाया जात आहे आणि रामावाचून आपले म्हणावे असे कोणी नाही, अशी कबुली तेथे एक तपस्वी देतो. कोठेही साधनेचा ताठा नाही. आमच्या मते समर्थांच्या पुढील सामर्थ्याचे मूळ या रडण्यात आहे. मराठवाड्यातील कित्येक घरांत दिवेलागणीला ही अष्टके मुलांकडून म्हणवून घेतली जात, ती उगाच नव्हे.

इ.स. १६३० ते १६३२ या काळात दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. अन्नावाचून माणसे मेली, गावे ओस पडली. त्यानंतर समर्थ तीर्थाटनास निघाले व बारा वर्षे पायी फिरले. उजाड शिवार, भग्न देवळे आणि हवालदिल रयत त्यांनी पाहिली. 'अस्मानी सुलतानिया' या प्रकरणात त्यांनी त्या दैन्याचे वर्णन केले आहे. १९७२ चा दुष्काळ अनुभवलेल्या आपल्या भागातील वडीलधाऱ्यांना ते परके वाटणार नाही.

तीर्थाटनाच्या अखेरीस, चोवीस वर्षांनी, ते जांबला घराच्या दारी भिक्षेकरी म्हणून उभे राहिले. पुत्रवियोगाने आईची दृष्टी गेली होती. समर्थांनी डोळ्यांवरून हात फिरविताच ती परत आली, असे परंपरा सांगते. ज्याने त्याने आपल्या श्रद्धेनुसार ते घ्यावे. मुलाने आईच्या पायांवर मस्तक ठेवले, एवढे आम्हांस पुरेसे वाटते.

पुढे ते कृष्णाकाठी गेले. शके १५७० (इ.स. १६४८) मध्ये चाफळला राममंदिर उभे राहिले, अकरा मारुतींची स्थापना झाली आणि शिवथरघळीत दासबोध आकारास आला. वेणाबाईंसारख्या बालविधवेस त्यांनी मिरजेच्या मठाचा अधिकार दिला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. माघ वद्य नवमी, शके १६०३ (इ.स. १६८२) रोजी, तंजावरहून आलेल्या राममूर्तींसमोर, सज्जनगडावर त्यांनी देह ठेवला. ही तिथी दासनवमी म्हणून पाळली जाते.

जांब येथील राममंदिरातील प्राचीन मूर्ती ऑगस्ट २०२२ मध्ये चोरीस गेल्या, तेव्हा सारा जिल्हा हळहळला. ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी मूर्तींचा शोध लावला. बदनापूरहून जालनामार्गे जांब समर्थ येथे जाता येते. रामनवमीस तेथे मोठा उत्सव असतो. सवड असल्यास भाविकांनी अवश्य जावे.