डोळस वैद्य : जेम्स पार्किन्सन

पाण्याने भरलेला पेला उचलून ओठांशी नेणे ही आपल्याला अगदी क्षुल्लक गोष्ट वाटते. परंतु एवढ्याशा कामासाठीही आपल्या शरीरात केवढी व्यवस्था चाललेली असते! मेंदू आज्ञा देतो, ती आज्ञा पृष्ठरज्जूतून आणि मज्जातंतूंतून स्नायूंपर्यंत पोचते आणि हात हवा तेवढाच उचलला जातो. या मज्जासंस्थेत बिघाड झाला, की हात धन्याचे ऐकेनासा होतो. अशाच एका विकाराला आपण कंपवात म्हणतो. हा विकार फार जुना आहे. आपल्या आयुर्वेदाच्या ग्रंथांतही अंगाच्या कंपाची गणना वातविकारांत केलेली आढळते. परंतु नाना प्रकारच्या कंपांतून हा एक रोग वेगळा ओळखून त्याचे सुस्पष्ट वर्णन आधुनिक वैद्यकापुढे ठेवण्याचे श्रेय लंडनमधील एका साध्या वैद्याला जाते. त्याचे नाव जेम्स पार्किन्सन.

जेम्सचा जन्म ११ एप्रिल १७५५ रोजी लंडनच्या हॉक्स्टन या भागात झाला. त्याचे वडील जॉन पार्किन्सन तेथेच वैद्यकीचा व्यवसाय करीत. रोग्यांना तपासणे, औषधे तयार करून देणे आणि लहानसहान शस्त्रक्रिया करणे, ही सारी कामे त्या काळी असा एकच वैद्य पार पाडीत असे. जेम्सने वैद्यकीचे पहिले धडे वडिलांच्या हाताखालीच घेतले. १७७६ साली त्याने लंडन हॉस्पिटलमध्ये सहा महिने शिक्षण घेतले. १७८४ साली वडील वारले आणि व्यवसायाचा सारा भार त्याच्यावर येऊन पडला.

व्यवसाय सुरू झाला म्हणून त्याचे शिकणे मात्र थांबले नाही. जॉन हंटर हा त्या काळचा नामांकित शस्त्रवैद्य होता. त्याची व्याख्याने ऐकण्यास पार्किन्सन १७८५ साली जाऊ लागला. त्याला लघुलिपी उत्तम येत असे. हंटर बोलत असता तो त्याचे बोलणे भराभर टिपून घेई व मागाहून सविस्तर लिहून काढी. वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला लघुलिपी यावी, असे त्याचे मत होते. ऐकलेले आणि पाहिलेले तत्काळ टिपून ठेवण्याची ही सवय त्याला पुढे जन्मभर उपयोगी पडली.

पार्किन्सनचे मन मोठे कनवाळू होते. गोरगरिबांचे हाल पाहून तो अस्वस्थ होई. सामान्य माणसाला राज्यकारभारात मत असावे, असे म्हणणे त्या काळी इंग्लंडात धोक्याचे होते. तरीही पार्किन्सनने टोपणनावाने पुस्तिका लिहून हा विचार निर्भयपणे मांडला. १७९४ साली राजाच्या वधाचा कट केल्याचा आरोप त्याच्या काही सहकाऱ्यांवर आला. तेव्हा पंतप्रधान पिट आणि राजाचे इतर सल्लागार यांच्यासमोर पार्किन्सनला साक्षीसाठी उभे राहावे लागले. त्या पुस्तिका आपणच लिहिल्या आहेत, हे त्याने तेथे न कचरता मान्य केले.

लोकांना आरोग्याचे ज्ञान व्हावे म्हणून त्याने सोप्या भाषेत पुस्तके लिहिली. १८०० साली त्याने खास मुलांसाठी एक गोष्टीचे पुस्तक लिहिले. निष्काळजीपणे खेळल्यास कोणते अपघात होतात आणि ते कसे टाळावेत, हे त्यात सांगितले होते. मोडलेली हाडे बसवणाऱ्या या वैद्याला ती मुळात मोडूच नयेत याची अधिक काळजी होती.

रोग्यांची सेवा करून उरलेला वेळ तो जीवाश्मांच्या अभ्यासात घालवी. प्राचीन प्राण्यांचे व वनस्पतींचे अवशेष दगडांत जतन होऊन राहतात, त्यांना जीवाश्म म्हणतात. त्यांच्याविषयी त्याने लिहिलेल्या ग्रंथाचे तीन खंड १८०४ ते १८११ या काळात प्रसिद्ध झाले. लंडनची भूगर्भशास्त्रीय संस्था १८०७ साली स्थापन झाली, तिच्या संस्थापकांपैकी तो एक होता. दगडावरील पुसट रेषांवरून त्यात कोणता जीव दडला आहे हे ओळखायचे, तर नजर चौकस लागते आणि धीरही लागतो. हीच नजर आणि हाच धीर घेऊन तो माणसांकडेही पाहत असे.

लंडनच्या रस्त्यांवरून जाता-येता पार्किन्सनला काही माणसे वेगळ्याच रीतीने चालताना दिसत. रस्त्याने जाणारे इतर शेकडो लोकही त्यांना पाहत असतील. म्हातारपणाची थरथर म्हणून ते पुढे जात. पार्किन्सन मात्र थांबे, जवळ जाऊन त्यांची विचारपूस करी आणि त्यांनी सांगितलेली हकीकत टिपून ठेवी. अशाच एका प्रसंगी त्याला सुमारे पासष्ट वर्षांचा एक धिप्पाड माणूस भेटला. त्याचे सारे अंग जोराने हालत होते. शरीर पुढे इतके झुकले होते, की त्याला सावकाश चालताच येत नसे. तोल सावरण्यासाठी त्याला सारखे पळावे लागे. दर पाच-सहा पावलांनी हातातील काठी टेकून तो आपले अंग कसेबसे सरळ करी. तो पूर्वी खलाशी होता. स्पेनमधील तुरुंगात कित्येक महिने ओल्या जमिनीवर निजावे लागल्यामुळे आपल्याला हा रोग जडला, अशी त्याची समजूत होती. आता तो भीक मागून पोट भरत होता. त्याचा रोग इतका वाढला होता, की त्याला काही आराम पडेल अशी आशा पार्किन्सनला वाटेना. एवढ्या बलदंड माणसाची ही दशा पाहून त्याच्यासारख्या कनवाळू वैद्याला काय वाटले असेल!

दुसरा एक गृहस्थ त्याने दुरूनच पाहिला. त्याचा नोकर त्याच्यासमोर उभा राहून दोन्ही खांद्यांवर हात ठेवी. गृहस्थ मागेपुढे झुलून तोल साधी आणि मग इशारा देऊन एकदम पळत सुटे. नोकर पुढे धावत राही आणि वीसेक पावलांनंतर धनी पडण्याच्या आत त्याला झेली.

अशा सहा रोग्यांच्या हकीकती एकत्र करून पार्किन्सनने कंपयुक्त पक्षाघातावर एक निबंध लिहिला. तो १८१७ साली प्रसिद्ध झाला, त्या वेळी पार्किन्सनचे वय बासष्ट वर्षांचे होते. निबंध अवघा सहासष्ट पृष्ठांचा होता. रोग इतक्या हळूहळू येतो, की तो केव्हा सुरू झाला हे रोग्यालाही सांगता येत नाही; प्रथम बहुधा एक हात कापू लागतो; विशेष म्हणजे हात स्वस्थ टेकवून ठेवलेला असतानाही तो कापतो; पुढे लिहिणे, जेवणे कठीण होते; अंग पुढे झुकते आणि चालण्याचे पळणे होते; हा सारा क्रम त्याने वर्णिला. रोग्याची बुद्धी शाबूत राहते, असेही त्याने नोंदले. काही रोग्यांच्या बुद्धीवरही कालांतराने परिणाम होतो, हे मात्र पुढील संशोधकांना आढळून आले.

या रोगाचे मूळ कोठे असावे? मानेच्या वरच्या भागातील पृष्ठरज्जूत ते असावे, असा पार्किन्सनचा तर्क होता. तेथून थोडे रक्त काढावे, असा उपायही त्याने त्या काळच्या रीतीप्रमाणे सुचवला. त्याचा तर्क चुकला होता आणि उपायही निरुपयोगी होता. परंतु डोळ्यांनी पाहिलेले कोणते आणि मनाने बांधलेला अंदाज कोणता, हे त्याने वाचकांपासून लपवले नाही. आपण मृत रोग्यांची शरीरे तपासलेली नाहीत, हे त्याने स्पष्ट लिहिले. ज्यांना ते शक्य आहे त्यांनी या रोगाचे खरे कारण शोधावे व पीडितांचे दुःख हलके करावे, अशी त्याची इच्छा होती.

ही इच्छा पुरी झालेली पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. २१ डिसेंबर १८२४ रोजी पक्षाघाताच्या आजाराने त्याचे निधन झाले. त्या वेळी तो जीवाश्मांचा अभ्यासक म्हणूनच अधिक विख्यात होता. त्याच्या निबंधाची थोरवी पुढे पॅरिसच्या सालपेत्रियेर रुग्णालयातील शार्को या फ्रेंच वैद्याने ओळखली. या रोग्यांची शक्ती नाहीशी झालेली नसते, तेव्हा त्याला पक्षाघात म्हणणे योग्य नाही, असे शार्कोने दाखवून दिले आणि या रोगाला पार्किन्सनचे नाव दिले.

रोगाचे मूळ सापडण्यास निबंधानंतर शंभरांहून अधिक वर्षे लागली. मेंदूच्या मध्यभागी काळसर रंगाच्या पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. या रोगात त्या पेशी नष्ट होतात, हे १९१९ साली ट्रेट्याकॉफ या संशोधकाने दाखवले. त्या पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात आणि हालचालींचे नियमन करण्यासाठी ते अत्यावश्यक असते. रोग्यांच्या मेंदूत हे द्रव्य फारच कमी असते, हे १९६० साली व्हिएन्ना येथे सिद्ध झाले. पोटात घेतलेले डोपामिन मेंदूत शिरू शकत नाही. परंतु लेव्होडोपा हे द्रव्य तेथे शिरते आणि त्याचे डोपामिन बनते. १९६७ साली कोट्झियास या वैद्याने लेव्होडोपाचे प्रमाण हळूहळू वाढवत नेऊन रोग्यांना दिले, तेव्हा जखडून गेलेली माणसे पुन्हा चालू-फिरू लागली. हेच द्रव्य आपल्या रानांत वाढणाऱ्या खाजकुयलीच्या बियांतही असते. दामोदरन व रामस्वामी या मद्रासच्या संशोधकांनी १९३७ सालीच ते त्या बियांतून वेगळे काढले होते.

आजही हा रोग समूळ बरा करता येत नाही. परंतु औषधे, व्यायाम आणि काही रोग्यांच्या बाबतीत मेंदूवरील शस्त्रक्रिया, यांच्या साहाय्याने पुष्कळांना अनेक वर्षे कामात व आनंदात घालवता येतात. पार्किन्सनचा जन्मदिवस, ११ एप्रिल, हा जगभर या रोग्यांचा दिवस म्हणून पाळला जातो.

पार्किन्सनचे एकही खात्रीचे चित्र आज उपलब्ध नाही. तो दिसायला कसा होता, हे आपण सांगू शकत नाही. पण त्याने भर रस्त्यात थांबून ज्यांची विचारपूस केली, तो काठी टेकत पळणारा गरीब खलाशी आणि त्याच्यासारखे इतर रोगी त्याच्या निबंधाच्या पानांतून आजही आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. पार्किन्सनचा तर्क मागे पडला, त्याचे उपचारही मागे पडले. त्याने नीट पाहून जे प्रामाणिकपणे लिहून ठेवले, ते मात्र दोनशे वर्षांनंतरही वैद्यांना वाट दाखवीत आहे.