न्यायमूर्ती रानडे : आजचं स्वस्त कापड आणि उद्याचे रिकामे हात

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे म्हटलं की प्रार्थना समाज आणि सामाजिक परिषद आधी आठवते. अर्थशास्त्रज्ञ रानडे मात्र मागे पडतात.

१८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला त्यांचा जन्म झाला. वडील कोल्हापूर संस्थानात नोकरीला, म्हणून बालपण आणि शाळा कोल्हापुरात. पुढे मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत ते होते. अक्कलकोटला कारभारी, कोल्हापूरला न्यायाधीश अशी कामं करून १८७१ साली ते पुण्यात आले आणि सार्वजनिक सभेचा आधारस्तंभ बनले. १८७६ ला दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. सभेने गावोगावची माहिती गोळा केली. एकट्या शेतीवर जगणाऱ्या देशाला पाऊस हुकला की दुसरा आधारच उरत नाही, हे रानड्यांच्या मनात पक्कं बसलं.

त्या काळी इंग्रजी पुस्तकांतून एक सिद्धांत शिकवला जाई. इंग्लंडच्या डेव्हिड रिकार्डोने तो १८१७ साली मांडला होता. ज्या देशाला जे तुलनेने स्वस्तात जमतं, ते त्याने करावं, बाकीचं बाहेरून घ्यावं, दोघांचाही फायदा. याच हिशेबाने भारताने कापूस पिकवायचा आणि मँचेस्टरचं कापड विकत घ्यायचं.

१८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रानड्यांनी या विचारावरच बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : हा हिशेब आजच्या भावाचा आहे. कसब जन्मजात नसतं, ते काम करता करता हाताला येतं. आज गिरणी, भट्टी सोडून दिली तर पुढच्या पिढीला ते कधी येणारच नाही. जर्मनी, अमेरिका यांनी आपले नवे कारखाने जपून वाढवले, मग आपणच कायम कच्चा माल का पुरवायचा?

अडचण होतीच. परदेशी माल अडवला तर महागाईची झळ आजच्या गरिबाला बसते, फळ मात्र नातवंडांना मिळतं. शिवाय जकात ठरवणं आपल्या हाती नव्हतं. म्हणून रानड्यांनी वेगळा मार्ग सुचवला : सरकारने उद्योगांना कमी व्याजाने भांडवल द्यावं, स्वतःला लागणारा माल इथेच घ्यावा.

१६ जानेवारी १९०१ ला मुंबईत ते गेले. भारतातल्या पोलादाला संरक्षक जकात मिळाली ती १९२४ साली. ज्यांच्यासाठी ते बोलत होते, ती पिढी त्यांनी पाहिलीच नाही.

बेळगावकरांना हे सांगायला नको. १८८८ साली इथे सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करणारे किर्लोस्कर पुढे स्वतः लोखंडी नांगर बनवू लागले. विकणारा हात घडवणारा झाला, की त्याचा लाभ नातवंडांपर्यंत पोचतो. रानड्यांना हेच सांगायचं होतं.