जोसेफ लिस्टर : जखमा स्वच्छ ठेवणारे आणि ऑपरेशनआधी चहा देणारे डॉक्टर

जंतुनाशक शस्त्रक्रियेचे जनक म्हणून जोसेफ लिस्टर यांचं नाव आपण मुलांना सांगतो. पण त्यांच्या कामाची आणखी एक बाजू आज घराघरात उपयोगी पडणारी आहे.

लिस्टर यांचा जन्म 5 एप्रिल 1827 रोजी इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात अप्टन येथे क्वेकर पंथाच्या कुटुंबात झाला. वडील मद्याचे व्यापारी होते, पण मन रमायचं ते सूक्ष्मदर्शकात. त्याच्या भिंगांमध्ये त्यांनी मोठी सुधारणा केली. बारीक निरीक्षणाची सवय मुलाला घरातूनच लागली.

लंडनला शिक्षण झाल्यावर लिस्टर एडिंबरोला नामवंत सर्जन जेम्स साइम यांच्याकडे गेले. 1856 मध्ये साइम यांची कन्या ॲग्नेस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. प्रयोगांच्या नोंदी ठेवण्यात ॲग्नेस यांनी त्यांना जन्मभर साथ दिली.

1860 मध्ये ते ग्लासगोला प्राध्यापक झाले. भूल देणं तेव्हा सुरू झालं होतं, पण ऑपरेशननंतर जखम सडून रुग्ण दगावत. लुई पाश्चर यांचं संशोधन वाचून लिस्टर यांना वाटलं, जखमेतही जंतूच घात करत असतील. ऑगस्ट 1865 मध्ये गाडीखाली पाय मोडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर त्यांनी कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली. जखम चिघळली नाही, मुलाचा पाय वाचला. 1867 मध्ये त्यांनी ही पद्धत जगापुढे मांडली.

आता ती दुसरी बाजू. 1883 मध्ये शस्त्रक्रियेच्या एका मोठ्या ग्रंथात त्यांनी क्लोरोफॉर्मबद्दल लिहिलं. पोटात घट्ट अन्न नसावं, पण सुमारे दोन तास आधी कपभर चहा किंवा मांसाचं पातळ सूप द्यावं, ते हिताचं ठरतं, असा त्यांचा सल्ला होता.

हा सल्ला पुढे मागे पडला. भुलेत उलटी होऊन पोटातलं फुप्फुसात जाणं किती धोक्याचं, हे 1946 मध्ये अमेरिकेतील कर्टिस मेंडेलसन यांनी प्रसूतीच्या रुग्णांबाबत दाखवलं. त्यानंतर हळूहळू मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा नाही, असा सरसकट नियम रूढ झाला. तहानेनं रडणारं लेकरू आणि हतबल आई हे दृश्य त्यातूनच आलं.

पुढे अभ्यासांतून कळलं, की पाण्यासारखे द्रव पोटातून लवकर पुढे सरकतात. म्हणून आता ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेआधी निरोगी माणसाला दोन तासांपर्यंत पाणी, गाळलेला गर नसलेला रस, बिनदुधाचा चहा चालतो. हलकं खाणं मात्र सहा तास आधी थांबवतात. काही ठिकाणी मोठ्यांना पिष्टमय पदार्थाचं खास पेय देतात. त्यानं तहान-भूक कमी होते, आणि ऑपरेशननंतर इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद कमी होतो तोही काहीसा सावरतो.

लक्षात ठेवा, आपला दुधाचा चहा यात बसत नाही. मधुमेह, गरोदरपण, पोटाचे आजार किंवा तातडीचं ऑपरेशन असेल तर नियम बदलतात. भूलतज्ज्ञांना विचारा, ते सांगतील तेच करा. आणि मुलानं लपून बिस्कीट खाल्लं असेल तर न रागावता लगेच सांगा.

लिस्टर 10 फेब्रुवारी 1912 रोजी वारले. रुग्णाचा जीव वाचवताना त्याची तहानही ध्यानात ठेवणारा हा डॉक्टर मुलांना जरूर सांगावा.