डॉ. मॉर्डेकाय जॉन्सन आणि हॉवर्ड विद्यापीठ

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील पॅरिस या लहानशा गावी १८९० साली मॉर्डेकाय वायट जॉन्सन यांचा जन्म झाला. वडिलांनी गुलामगिरी भोगली होती. मुक्तीनंतर ते गिरणीत राबत आणि धर्मोपदेशही करीत. अशा घरातील हा मुलगा अटलांटा, शिकागो, रॉचेस्टर व हार्वर्ड येथे शिकला आणि प्रभावी वक्ता म्हणून नावारूपास आला.

वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठाची स्थापना १८६७ सालची. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना उच्च शिक्षण देणारी ही अग्रगण्य संस्था. परंतु तिचे कायम अध्यक्षपद ५९ वर्षे गोऱ्यांकडेच राहिले. १९२६ साली, वयाच्या ३६व्या वर्षी, जॉन्सन हे तिचे पहिले कृष्णवर्णीय कायम अध्यक्ष झाले. १९२८ साली अमेरिकी संसदेने हॉवर्डला वार्षिक अनुदान देण्यास कायद्याने मान्यता दिली आणि विद्यापीठाला स्थैर्य लाभले.

त्यांच्या कारकिर्दीतील विधी विद्यालयाची कथा आम्हांस विशेष मोलाची वाटते. हे विद्यालय रात्री भरत असे. दिवसा नोकरी करून शिकणाऱ्यांचा तोच आधार होता. पण त्याच्या पदवीला व्यावसायिक जगात पुरेशी प्रतिष्ठा नव्हती. जॉन्सन यांनी चार्ल्स ह्यूस्टन यांच्यावर धुरा सोपविली. ह्यूस्टन यांनी रात्रीचे वर्ग बंद करून पूर्णवेळ, कठोर अभ्यासक्रम सुरू केला. विद्यार्थिसंख्या घटली, टीका झाली. मात्र १९३१ साली अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता मिळाली. १९३३ साली थरगुड मार्शल येथूनच प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झाले. शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणारा १९५४ चा निकाल मिळविणाऱ्या वकिलांचे ते नेते होते, आणि १९६७ साली ते सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले.

गोऱ्या विद्यापीठांची दारे बंद असलेल्या काळात राल्फ बंच, अ‍ॅलन लॉक, ई. फ्रँकलिन फ्रेझियर, रक्तद्रव्य साठवणुकीचे संशोधक डॉ. चार्ल्स ड्रू अशी विद्वान मंडळी हॉवर्डमध्ये अध्यापन करीत होती. जॉन्सन यांचा कारभार एकहाती होता. ज्येष्ठ प्राध्यापकांशी त्यांचे तीव्र मतभेद झाले, हेही नमूद केले पाहिजे. ३४ वर्षांच्या सेवेनंतर १९६० साली ते निवृत्त झाले. त्यांची जागा जेम्स नॅब्रिट यांनी घेतली. वर्णभेदाविरुद्धच्या त्याच न्यायालयीन लढ्यातील ते एक वकील होते. १९७६ साली जॉन्सन यांचे निधन झाले.

रात्रीचा वर्ग बंद झाल्याने ज्या कष्टकऱ्यांचे शिक्षण हुकले, त्यांची नावे इतिहासात नाहीत. त्यांचा विसर पडू न देता आम्ही म्हणतो की, जॉन्सन यांचा निर्णय योग्य होता. वंचितांच्या मुलांना कमी दर्जाचे शिक्षण पुरेसे आहे, ही समजूतच मुळी गुलामगिरीचा अवशेष आहे. मात्र दर्जा उंचावताना जे मागे राहतात, त्यांच्या निवासाची, भोजनाची व पुस्तकांची सोय करणे हे संस्थेचेच कर्तव्य ठरते. वसतिगृहयुक्त शाळेचे प्रयोजन आम्ही यातच पाहतो. या थोर शिक्षणसेवकास आमचे विनम्र अभिवादन!